चेअरमन साहेब, औषधाचं दूध ओतायला आम्ही तयार आहोत, पण त्या सात दिवसांचं काय ते बोला

आमच्या भागातल्या सगळ्या सहकारी आणि खाजगी दूध संघांचे चेअरमन साहेब, संचालक मंडळ, आणि मुंबईतलं आपलं पशुसंवर्धन आणि दुग्धविकास खातं, सगळ्यांना नमस्कार.

मी संगमनेर तालुक्यातली एक दूध उत्पादक बाई. गोठ्यात ११ संकरित गाई आहेत, त्यातल्या ७ सध्या दुधात आहेत, बाकी काही गाभण काही आटवलेल्या (विण्याआधी धार बंद केलेल्या). दोन्ही वेळच्या धारा मी आणि माझे मिस्टर काढतो, दूध डेअरीवर घालायला मी जाते आणि दहा दिवसांचा पगार झाला की पेंडीचं बिल आधी द्यायचं मग घरात काय उरतं ते बघायचं, असं आमचं चालू आहे पंधरा वर्षं. तुमच्या वार्षिक सभेत मला बोलायची कधी वेळ मिळाली नाही, तिथं रिबेटवरच (वर्षाखेरीला लिटरमागं मिळणाऱ्या जादा पैशांवरच) सगळं संपतं, म्हणून इथं लिहितेय. विषय असा की गाईला औषध दिलं की काही दिवस, कधी सात दिवस, तिचं दूध डेअरीला न घालता ओतून द्यावं लागतं, त्या दिवसांचं नुकसान कुणी सोसायचं. मोठं झालंय पत्र, पण पूर्ण वाचा ही विनंती.

झालं असं की मागच्या पावसाळ्यात आमच्या चंद्री गाईला दगडी झाली, म्हणजे कास सुजायचा आजार. सकाळी धारेला बसले तर मागचा उजवा सड गरम, कडक, आणि दुधात दह्यासारख्या गाठी. डॉक्टर आले, मानेत इंजेक्शन दिलं, सडात ट्यूब सोडली, अजून दोन दिवस ट्यूबा सोडा म्हणाले आणि गेले. घाईत असतात ते, एका माणसाकडं किती गावं असतात ते मला माहितीये. त्या सडाचं दूध आम्ही बाजूला काढून ओतत होतो, बाकीच्या तीन सडांचं कॅनमध्ये. सगळ्या गावात असंच करतात, आम्हीही तेच केलं. चौथ्या दिवशी सड मऊ पडला, गाठी गेल्या, मग चारही सडांचं दूध कॅनला.

त्याच दिवशी घरच्यासाठी चंद्रीच्या बादलीतलं दोन लिटर ठेवलं होतं. सासूबाईंनी तापवून कोमट करून विरजण लावलं, सकाळी बघतात तर दूध जसंच्या तसं. मी म्हटलं विरजण जुनं झालं असेल, जाऊबाईंकडून वाटीभर ताजं आणलं, परत लावलं, परत नाही. पातळ, नुसतं वास मारणारं पाणी. सासूबाई म्हणाल्या, "दुधातच काहीतरी आहे गं." त्या शाळेत गेलेल्या नाहीत पण दही लावायला चाळीस वर्षं झाली त्यांना.

मग मी वाचायला लागले, मोबाईलवर, कृषी विज्ञान केंद्राच्या माहितीत, जिथं मिळेल तिथं. दही लावणारे जंतू म्हणजे पण जंतूच, आणि आपण गाईला जे पेनिसिलीनच्या जातीचं औषध देतो ते जंतू मारायलाच देतो, त्याला काय कळणार सडातला जंतू वाईट आणि विरजणातला चांगला. विरजणातले काही जंतू तर इतके नाजूक असतात की औषधाचा अंश राहिला तरी त्यांची वाढ थांबते. आणि दूध उकळलं म्हणून पेनिसिलीन सगळं निघून जात नाही, उकळून मरतो तो जंतू. हे कळलं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला, कारण घरात न लागलेल्या त्याच दुधाचे चार दिवस सकाळ-संध्याकाळ कॅन गेले होते, कुणाच्या तरी घरी ते बाळाच्या बाटलीत गेलं असणार, पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी असलेल्या कुणाच्या चहात गेलं असणार. डेअरीवर काय झालं? फॅट लागली ३.८, एसएनएफ (फॅट आणि पाणी सोडून दुधात जे उरतं ते) ८.५, पूर्ण रेट मिळाला. पावती अजून आहे माझ्याकडं.

चूक माझी होती, ती मी कबूल करते. पण मला हे कुणी सांगितलंच नव्हतं, ना डॉक्टरांनी ना मेडिकलवाल्याने ना डेअरीच्या सचिवांनी, आणि पंधरा वर्षांत संघाच्या एकाही मीटिंगमध्ये हा विषय निघाला नाही, म्हणून हे पत्र.

आता जे समजलं ते आधी साध्या भाषेत सांगते, कारण मला खात्री आहे की तुमच्यातल्या बऱ्याच जणांना पण हे नीट माहिती नसेल.

कासेत एक लिटर दूध तयार व्हायला गाईचं चारशे ते पाचशे लिटर रक्त कासेतून फिरून जावं लागतं. म्हणजे चंद्रीच्या १८ लिटरसाठी रोज सात ते नऊ हजार लिटर रक्ताची फेरी. रक्त आणि दूध यांच्यामध्ये बारीक पेशींचा एकच पातळ पडदा असतो, त्यातून पाणी, साखर, मीठ जातं आणि रक्तात विरघळलेलं औषध पण जातं, कमी-जास्त. रक्तापेक्षा दूध थोडं आंबट असतं, त्यामुळं काही औषधं, म्हणजे टायलोसिन, एरिथ्रोमायसिन, ट्रायमेथोप्रिम असली, रक्तातून दुधात आली की तिथंच अडकून पडतात आणि दुधात त्यांचं प्रमाण रक्तापेक्षा जास्त होतं. पेनिसिलीन उलट, मानेत टोचलं तर दुधात कमी उतरतं, पण सडात सोडलं तर सरळ दुधातच पडलं ना. ज्या गोष्टी तुपात विरघळतात त्या दुधाच्या फॅटला धरून बाहेर येतात, जुनी कीटकनाशकं तशी. आणि कास सुजलेली असली की तो पडदा फाटक्या चाळणीसारखा होतो, रक्तातलं मीठ दुधात उतरतं, म्हणून दगडीचं दूध खारट लागतं. आमच्या आजेसासूबाई जिभेवर थेंब टाकून दगडी ओळखायच्या असं सांगतात, ते काही उगीच नव्हतं.

सगळ्यात महत्त्वाचं, जे आमच्या गावात कुणालाच माहिती नाही: एका सडात ट्यूब सोडली तरी त्यातलं थोडं औषध कासेतून रक्तात शोषलं जातं आणि फिरून बाकीच्या तीन सडांच्या दुधात उतरतं. म्हणून "त्या सडाचं ओता, बाकीचं घाला" हे चुकीचं आहे. चारही सडांचं दूध बाजूला ठेवावं लागतं. ही एक ओळ जरी तुम्ही दहा दिवसांच्या पगार-पावतीच्या मागं छापली असती ना, तरी मी ते चार दिवस दूध घातलं नसतं.

किती बाजूला ठेवायचं याचाही नियम आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०१२ मध्ये औषधाच्या नियमात बदल केला, जनावराच्या औषधावर किती दिवस दूध-मांस वापरायचं नाही ते छापलंच पाहिजे, आणि एखाद्या औषधाचा तसा कालावधी तपासून ठरवलेला नसेल तर दूध आणि अंड्याला कमीत कमी ७ दिवस, मांसाला २८ दिवस. सगळी औषधं सारखी नसतात, सेफ्टिओफरसारखं एखादं इंजेक्शन दुधात इतकं कमी उतरतं की बऱ्याच देशात त्याला दूध थांबवायची गरज नाही असं लिहिलेलं असतं, काही ट्यूबांना तीन-चार दिवस. ते सगळं बॉक्सवर असतं. पण बॉक्स डॉक्टरांच्या बॅगेत, आणि आमच्या हातात येते ती नुसती ट्यूब, त्यावर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात काय लिहिलंय ते चष्मा लावून पण वाचता येत नाही. मेडिकलमध्ये तर कुणीही जाऊन हे औषध मागावं, चिठ्ठी कुणी विचारत नाही.

"एवढ्याशा औषधाने काय होतंय" असं मला एका माणसाने तोंडावर सांगितलं, म्हणून मी हिशोब केला. साध्या पेनिसिलीनची दुधातली हद्द किलोमागे ४ मायक्रोग्रॅम आहे. एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. समजा एका ट्यूबेत २०० मिलिग्रॅम पेनिसिलीन आहे, ते सगळं दुधात उतरलं असं धरलं तर भागाकार करून बघा, ५० हजार किलो दूध हद्दीवर न्यायला ती एक ट्यूब पुरते. सगळं काही उतरत नाही, पण निम्मं, पाव धरा. तुमच्या बल्क कूलरची, म्हणजे सगळ्यांचं दूध एकत्र थंड ठेवायच्या टाकीची, क्षमता किती आहे साहेब? म्हणजे वीस जणांनी चांगलं दूध घातलं आणि एकीने, म्हणजे मी, चंद्रीचं घातलं, की सगळा कूलर गेला.

आणि नुकसान नुसतं पिणाऱ्याचं होत नाही. असं थोडं-थोडं औषध सारखं पोटात जात राहिलं की माणसाच्या, वासराच्या पोटातले जंतू त्या औषधाला सरावतात, मग खरंच गरज लागते तेव्हा ते औषध चालत नाही. म्हणूनच केंद्राने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन जनावरांसाठी बंद केलं, माणसाच्या आयसीयूमधलं ते शेवटच्या फळीतलं औषध आहे. आमच्याकडं ओतायचं दूध वासरांना पाजतात, मी पण पाजायचे, वाया कशाला घालवायचं म्हणून. आता कळलं की ते पण नको.

आता खरं बोलते. हे सगळं कळल्यावर सुद्धा माणूस दूध का घालतो? चंद्री १८ लिटर देते. सात दिवस म्हणजे १२६ लिटर. ३० रुपयाने धरलं तर ३,७८० रुपये. डॉक्टर आणि औषध वेगळं, ते अठराशे झाले होते. खुराक तर द्यावाच लागतो, दूध ओतायचंय म्हणून गाय कमी खात नाही. ७ गाईच्या गोठ्यात वर्षातून तीन-चार दगड्या ठरलेल्या, पावसाळ्यात जास्त. ज्याच्याकडं दोनच गाई आहेत आणि एकीला दगडी झाली त्याचा तर अर्धा पगार गेला, आणि दहा दिवसांच्या पगारावर सोसायटीचा हप्ता, मुलाची फी लागलेली असते. अशा माणसाला तुम्ही नुसतं "ओता" म्हणालात तर तो हो म्हणेल आणि संध्याकाळी कॅन घेऊन येईल. मी त्याला नावं ठेवणार नाही, मी स्वतः गोठा चालवते.

पैसे द्यायचे असतील तर मार्ग निघतो हे आम्ही बघितलंय. लम्पी आली २०२२ मध्ये, तेव्हा मेलेल्या दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार सरकारने दिले. दुधाचा रेट पडला तेव्हा जानेवारी २०२४ पासून लिटरला ५ रुपये अनुदान दिलं, नंतर ते ७ केलं. आणि त्या अनुदानासाठी काय अट होती? गाईच्या कानात १२ आकडी बिल्ला पाहिजे, तो ऑनलाईन नोंदलेला पाहिजे, बँक खातं जोडलेलं पाहिजे. रात्री अकरापर्यंत जागून आम्ही ते फॉर्म भरले, सर्व्हर बंद असायचा तरी भरले. म्हणजे कोणती गाय कुणाची, तिचं दूध किती, पैसे कुठल्या खात्यात, ही सगळी यंत्रणा तयार आहे. त्याच बिल्ल्यावर डॉक्टरांनी नोंद करायची, अमुक तारखेला अमुक औषध, दूध अमुक तारखेपर्यंत बंद. डेअरीवर सचिवांच्या मोबाईलवर ते दिसलं पाहिजे. आणि तेवढ्या दिवसांचं त्या गाईचं जे नेहमीचं दूध, त्याचे निम्मे पैसे तरी संघाने आणि सरकारने मिळून द्यायचे. निम्मे मिळाले तरी लोक ओततील, मी आमच्या गावात वीस-बावीस घरी विचारून हे लिहितेय.

पैसे देताय तर तपासणी पण करा, दोन्ही बरोबर पाहिजे. पट्टी बुडवून काही मिनिटांत पेनिसिलीन आणि टेट्रासायक्लिनचा अंश ओळखता येतो, लॅब लागत नाही, मोठं मशीन लागत नाही. प्रत्येक कॅनला रोज करा असं मी म्हणत नाही, परवडणार नाही. कूलर भरला की एकदा करा, सापडलं तरच मागं जाऊन प्रत्येकाच्या दुधाचे बाटल्यांमधले नमुने तपासा. अमेरिकेत टँकर रिकामा करायच्या आधी प्रत्येक टँकरची ही तपासणी करतात, सापडलं तर तो टँकर माणसाच्या पोटात जाऊ देत नाहीत. तिथल्यासारखा सगळ्या टँकरचा दंड इथल्या दोन गाईवाल्यावर टाकला तर तो विष घेईल, म्हणून आधी मदत, मग तपासणी, मग दंड, या क्रमाने जा. क्रम उलटा केलात तर लोक फक्त लपवायला शिकतील.

तुम्ही म्हणाल आम्ही भेसळीवर कारवाई करतोच की. हो, पेपरात फोटो येतात, पावडर जप्त, टँकर ओतला. करा, भेसळ करणाऱ्याला सोडूच नका. पण अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभर दुधाची जी पाहणी केली, तिचा अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये आला, तो बघा. ११०३ शहरं, ६४३२ नमुने. युरिया, डिटर्जंट, हायड्रोजन पेरॉक्साईड असली घातक भेसळ सापडली फक्त १२ नमुन्यांत. अँटिबायोटिक हद्दीपेक्षा जास्त ७७ नमुन्यांत, आणि त्यात जास्त सापडलेल्या राज्यांत आपल्या महाराष्ट्राचं नाव. आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष हद्दीपेक्षा जास्त तब्बल ३६८ नमुन्यांत. बाकी बरंचसं दूध पिण्यालायक निघालं ही पण गोष्ट खरी, घाबरवायला मी लिहीत नाहीये. पण १२ कुठं आणि ३६८ कुठं. मग सगळी धाड त्या बारावरच का?

हे अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीचं विष. भुईमुगाची पेंड, सरकी पेंड, मका ओली राहिली की त्यावर हिरवट-पिवळट बुरशी येते, तिचं हे विष. ते गाईच्या पोटात गेलं की लिव्हर त्याचं रूप बदलते आणि तो बदललेला भाग दुधात उतरतो, शंभरातले एक ते तीन भाग, जास्त दुधाच्या गाईत सहापर्यंत. आज बुरशीची पेंड घातली तर उद्याच्या दुधात आलं. बंद केली की तीन-चार दिवसांत दूध परत साफ होतं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण उकळून जात नाही, प्लांटला पाश्चराईज करून जात नाही, त्या पाहणीत तर पिशवीच्या दुधात कच्च्या दुधापेक्षा जास्त सापडलं. लिव्हरच्या कॅन्सरशी त्याचा संबंध आहे आणि लहान मुलं दूध जास्त पितात. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बांसवाडा आणि पंचमहाल भागात पावसात भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं कावीळ होऊन गेली, ते हेच विष, सरळ पोटात गेलेलं. दुधात येतं ते त्याच्या मानाने फार थोडं असतं हे मला कळतं, पण ते रोज येतं. आपल्याकडं दुधात किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम चालतं, युरोपात त्याच्या दहावा भाग.

आता यात शेतकऱ्याची चूक किती? घरचा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) उघडल्यावर वरचा काळा-पांढरा बुरशीचा थर काढून टाकायचा हे आमचं काम, पावसाळ्यात पोती भिंतीपासून लांब, फळीवर ठेवायची हे पण आमचं काम, कबूल. पण गोळी पेंडीचं शिवलेलं पोतं येतं त्यात काय दळून घातलंय ते मला कसं दिसणार? गोळी झाली की बुरशी दिसत नाही, विष तसंच असतं. आणि ती पेंड आम्ही घेतो कुठून, तर बऱ्याचदा तुमच्याच संघाच्या दुकानातून, पगारातून कापून! मागच्या वर्षी आलेल्या लॉटचा वास मारत होता, चार जणींनी सांगितलं, तर "गूळ जास्त झालाय" असं उत्तर मिळालं. पेंडीत किलोमागे २० मायक्रोग्रॅमच्या आत पाहिजे असं मानक आहे ना, मग प्रत्येक लॉटचा रिपोर्ट दुकानाच्या दारावर लावा. तारीख, लॉट नंबर, आकडा. एवढंच. दुधाची फॅट तुम्ही पॉईंटमध्ये मोजता आणि पॉईंटला पैसे कापता, मग तुमच्या पेंडीचा पण आकडा आम्हाला दिसू द्या.

जंतूंबद्दल पण बोलायचंय, कारण ते आमच्या घरात घडलंय. धाकट्या दिरांना दीड महिना ताप येत होता, संध्याकाळी चढायचा, घाम येऊन उतरायचा, कंबर आणि गुडघे धरायचे. टायफॉईड म्हणून औषध झालं, मलेरियाचं झालं. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, गोठा आहे का, गाय गाभडली होती का, म्हणजे दिवस भरायच्या आत गर्भ पडला होता का? गाभडली होती, सातव्या महिन्यात, आणि वार (जार) अडकली ती दिरांनी उघड्या हाताने काढली होती. ब्रुसेला निघाला. हा जंतू गाभाच्या पाण्यातून अंगात जातो तसाच दुधातून पण जातो, कासेत आणि तिथल्या गाठींत तो वर्षानुवर्षं राहतो, कधी दुधात येतो कधी नाही, गाय बाहेरून अगदी ठणठणीत. माल्टा बेटावर इंग्रज सैनिक याच तापाने आजारी पडायचे, १८८७ मध्ये डेव्हिड ब्रुसने जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ उजाडलं, झॅमिट नावाच्या तिथल्याच डॉक्टरने चांगल्या दिसणाऱ्या शेळ्यांमध्ये तो दाखवला, आणि सैनिकांचं शेळीचं कच्चं दूध बंद केल्यावर ताप थांबला.

आपल्याकडं दूध उकळूनच प्यायची पद्धत आहे, तिने आजपर्यंत लाखो लोकांना वाचवलंय असं माझं ठाम मत आहे, ब्रुसेला आणि टीबीचा जंतू ६३ डिग्रीला अर्धा तास किंवा ७२ डिग्रीला १५ सेकंदांत मरतो. त्यामुळं पुण्या-मुंबईत हल्ली "फार्मवरचं कच्चं दूध, न तापवता प्या" असं म्हणून जे महागात विकतात ते ऐकून मला राग येतो. गोठ्यात राहणारी बाई सांगतेय, कच्चं पिऊ नका. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये तर बर्ड फ्लू चक्क गाईंच्या दुधात निघाला, गोठ्यावर कच्चं दूध प्यायलेली मांजरं मेली, पाश्चराईज केल्यावर मात्र तो विषाणू टिकत नाही. पण उकळणं म्हणजे सगळ्यावर इलाज पण नाही बरं का, सुजलेल्या सडातला स्टॅफिलोकोकस कोमट दुधात दोन-चार तास वाढला की विष सोडतो आणि ते उकळून पण राहतं, उलट्या होतात. म्हणून संध्याकाळची गाडी दीड तास उशिरा येते आणि कॅन उन्हात उभे असतात, ते पण बंद करा. गाडीच्या वेळेवरून चार वेळा अर्ज झालेत.

ब्रुसेलाची लस आहे. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडीला एकदाच टोचायची, २०१९ च्या सप्टेंबरपासून केंद्राची मोठी योजना चालू आहे, पैसे केंद्राचे. आमच्या वस्तीवर लाळ्या-खुरकुताची लस येते, ब्रुसेलाची कधी येते कधी नाही, आली तेव्हा आमच्या दोन कालवडी नऊ महिन्यांच्या होऊन गेल्या होत्या. संघाने जन्माची नोंद ठेवली तर कुठल्या महिन्यात किती कालवडी आहेत हे खात्याला आयतं मिळेल. गाभडलेल्या गाईचं रक्त तपासायची सोय तालुक्याला करा, आणि वार काढायला हातमोजे तरी द्या.

ऑक्सिटोसिनचं पण सारखं निघतं, पान्हा सोडायला इंजेक्शन देतात आणि त्याने मुली लवकर वयात येतात वगैरे. ते चोरून देणं वाईटच, जनावराचे हाल होतात, गाय-म्हैस त्याच्याशिवाय पान्हाच सोडेनाशी होते, ज्या गोठ्यात देतात त्याच्यावर कारवाई करा. पण ते काही मिनिटांत रक्तातून निघून जातं आणि पोटात पचून जातं. २०१८ मध्ये केंद्राने खाजगी कंपन्यांना बंदी घातली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टाने ती काढली, किती चर्चा झाली त्याची. त्याच्या दहावा भाग चर्चा पेंडीच्या बुरशीची झाली असती तर बरं झालं असतं.

उलट गोचिडाच्या औषधाबद्दल कुणी बोलत नाही. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दुधातल्या गाईला द्यायचं नसतं, ते फॅटमध्ये साठतं आणि दुधातून बरेच दिवस येत राहतं, तरी आमच्याकडं सर्रास देतात. आणि आटवताना ज्या ट्यूबा सोडतात त्या दोन-दोन महिने टिकणाऱ्या असतात, गाय वेळेआधी व्यायली तर त्यातलं औषध चिकात येतं, आणि चीक तर आपण खरवस करून गल्लीभर वाटतो. मी आता आटवलेली तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवते, दिवस कमी भरले तर चीक वाटत नाही, शेजारणी रागावल्या तरी.

बंद केलं की दूध साफ होतं याचा पुरावा मागाल तर जुनी गोष्ट सांगते. १९९३ मध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) १२ राज्यांतले गाई-म्हशीच्या दुधाचे २२०५ नमुने तपासले होते, ८२ टक्क्यांत डीडीटी निघालं, आणि हद्दीबाहेरच्या नमुन्यांत आपला महाराष्ट्र सगळ्यात पुढं, ७४ टक्के. शेतीतलं डीडीटी १९८९ ला बंद झालं, बीएचसी पावडर, ते पण कीटकनाशकच, १९९७ ला. २०१८ च्या पाहणीत ओरड झाली ती अफ्लाटॉक्सिनची आणि अँटिबायोटिकची, डीडीटीची नाही. वरून ठरवलं की होतं.

आणि औषध कमी कसं लागेल हे पण बघा ना. धार काढून झाल्यावर सड औषधात बुडवणं, गाय लगेच बसू नये म्हणून पुढ्यात वैरण टाकणं, पहिल्या दोन धारा काळ्या कपात काढून गाठी आहेत का बघणं, एवढ्याने आमच्या दगड्या कमी झाल्या. एनडीडीबी (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ) कोरफड पाव किलो, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम वाटून कासेला लावायला सांगते, सुरुवातीलाच लावलं तर मला दोन वेळा ट्यूबेची गरज पडली नाही, एकदा पडली. जास्त झालं तर डॉक्टरच बोलवावा लागतो, त्यात हयगय करू नये, गाय जाते. पण गावोगाव हे दाखवायला एक माणूस पाठवा, बायका जमवायचं काम माझ्याकडं.

काल रात्रीपासून आमच्या पाच नंबरच्या गाईचा सड सुजलाय. सकाळी डॉक्टर येऊन गेले, या वेळी मी बॉक्स मागून घेतला आणि मुलीकडून वाचून घेतला, ९६ तास लिहिलंय. चारही सडांचं दूध मी शेणखड्ड्यात ओततेय, सकाळचं आठ लिटर गेलं, संध्याकाळचं सात जाईल. या पगाराला आमचं दूध कमी दिसेल, सचिवांनी विचारलं तर हे पत्र दाखवा. आणि पुढच्या मासिक मीटिंगच्या अजेंड्यावर हा विषय घेतला की नाही ते डेअरीच्या फळ्यावर लिहा, मी सकाळी साडेसहाला तिथं असतेच.

आपली,
एक दूध उत्पादक सभासद
तालुका संगमनेर, जिल्हा अहिल्यानगर